‘ध’चा ‘मा’ होऊ नये म्हणून: विस्मृत प्युरिटन ग्रंथांच्या मोफत डिजिटल आवृत्तीविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. 1650 च्या दशकात लंडनमध्ये छापलेल्या, एका प्युरिटन (इंग्लंडच्या चर्चमध्ये सुधारणा मागणाऱ्या) उपदेशकाच्या प्रवचनांच्या पुस्तकाची छायाचित्रे प्रश्नकर्त्यांना एका ग्रंथालयाच्या खुल्या संग्रहात मिळाली आहेत. ते पुस्तक नंतर पुन्हा छापले गेल्याचे त्यांना आढळले नाही. त्याचा मजकूर टाइप करून कोणालाही विनामूल्य वाचता यावा अशा रूपात द्यायची त्यांची इच्छा आहे. कायद्याची अडचण येईल का, जुने स्पेलिंग बदलावे का, पुढे मराठी अनुवाद करता येईल का, आणि पुस्तकात पृष्ठ 112 नंतर एकदम 121 येते त्याचे काय करावे, असे त्यांचे चार प्रश्न आहेत.

मी गेली सतरा वर्षे हे काम करीत आहे आणि त्यापूर्वी छापखान्यात मुद्रितशोधन करीत होतो. माझ्या मते या चारही प्रश्नांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: वाचकाच्या हाती जो मजकूर पडेल तो नेमका कोणाचा असेल? उपदेशकाचा, मूळ मुद्रकाचा, मधल्या एखाद्या संपादकाचा, की आपला? मोफत मजकूर एकदा बाहेर पडला की पाच-पन्नास ठिकाणी त्याच्या नकला होतात, आणि पुढे कोणी त्याहून चांगला मजकूर सिद्ध केला तरी आधीचाच वाचला जातो. म्हणून विसरल्या गेलेल्या ग्रंथाचे नुकसान तो तसाच पडून राहिल्याने होते त्याहून अधिक तो घाईने प्रसिद्ध केल्याने होऊ शकते.

‘विस्मृत’ हा शब्द आधी तपासून घ्यावा. इंग्लंडच्या चर्चमध्ये आणखी सुधारणा हवी असे एलिझाबेथ राणीच्या काळापासून म्हणत आलेल्या या प्युरिटन मंडळींनी विपुल लिहिले. सर्व पाळकांना एकच उपासनापद्धती सक्तीची करणाऱ्या 1662 च्या युनिफॉर्मिटी कायद्याच्या सुमारास जवळजवळ दोन हजार पाळकांना आपापल्या जागा सोडाव्या लागल्या, तेव्हा त्यांचे व्यासपीठ गेले, लेखणी राहिली. पुढे एकोणिसाव्या शतकात त्यांतील मोजक्या लेखकांचे संच निघाले: जॉन ओवेन यांचे 24 खंड 1850 ते 1855 या काळात, रिचर्ड सिब्स यांचे सात खंड 1862 ते 1864 मध्ये, थॉमस मँटन यांचे 22 खंड 1870 ते 1875 मध्ये. ज्यांचे संच निघाले त्यांची नावे राहिली. ज्यांचे निघाले नाहीत ते ग्रंथालयांच्या तळघरांत गेले. त्यांच्या हयातीतल्या लोकप्रियतेशी या निवडीचा फारसा संबंध नव्हता. डॉरोथी ली या मातेने आपल्या मुलांसाठी लिहिलेले पुस्तक 1616 मध्ये निघाले आणि त्या शतकात त्याच्या वीसहून अधिक आवृत्त्या झाल्या. आज तिचे नाव अभ्यासकांपलीकडे कोणाला ठाऊक नाही.

छापील संच नसला तरी टाइप केलेला मजकूर मात्र असू शकतो. मिशिगन आणि ऑक्सफर्ड विद्यापीठांच्या पुढाकाराने चाललेल्या टेक्स्ट क्रिएशन पार्टनरशिप या उपक्रमाने 1700 पूर्वीची इंग्रजी पुस्तके माणसांकडून टाइप करून घेतली. त्यांतील पंचवीस हजारांहून अधिक ग्रंथ 1 जानेवारी 2015 रोजी सर्वांसाठी खुले झाले, दुसरा मोठा हप्ता 2020 मध्ये खुला झाला, आणि आता ही संख्या साठ हजारांच्या घरात आहे. आपले पुस्तक त्यात आहे का ते पाहावे. असल्यास पुन्हा पहिल्यापासून टाइप करणे हा श्रमाचा अपव्यय ठरेल. मात्र ते काम पूर्ण झालेले आहे असेही समजू नये. ते टंकलेखन बहुतांशी मायक्रोफिल्मच्या प्रतिमांवरून झाले, आणि या मायक्रोफिल्मी काढण्याचे काम 1930 च्या दशकात सुरू झालेले. शिवणीत दबलेली अक्षरे, मागच्या पृष्ठावरून उमटलेली शाई आणि कापले गेलेले समास यांमुळे जे अक्षर वाचता आले नाही तिथे काळा ठिपका ठेवलेला आहे. ग्रीक आणि हिब्रू शब्द तर टाइपच केलेले नाहीत, त्यांच्या जागी केवळ ‘अन्य लिपी’ अशा अर्थाची खूण आहे. प्युरिटन उपदेशक एका हिब्रू धातूवर चार पृष्ठे बोलू शकतो, तेव्हा त्या धातूचीच जागा रिकामी राहिली तर वाचकाने काय वाचायचे? ते ठिपके आणि त्या रिकाम्या जागा दुसऱ्या प्रतीवरून भरणे, हेच आज या क्षेत्रातले सर्वांत उपयोगी काम आहे. ते कंटाळवाणे असल्यामुळे फार थोडे लोक ते करतात.

कायद्याच्या प्रश्नावर फार रेंगाळण्याचे कारण नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे स्वामित्वहक्क राहतो, तेव्हा सतराव्या शतकातील लेखकाच्या शब्दांवर कोणाचाही हक्क उरलेला नाही. खटका उडतो तो नंतरच्या भरीवर. आधुनिक संपादकाची प्रस्तावना, टिपा, उपशीर्षके आणि नवी सूची ही त्याची निर्मिती असते, ती घेता येत नाही. ब्रिटनमध्ये नव्या छपाईच्या पृष्ठरचनेवरही 25 वर्षे हक्क असतो. नुसत्या श्रमाने मात्र आपल्याकडे हक्क निर्माण होत नाही: ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये असे ठरवले, की मूळ मजकुरात किरकोळ दुरुस्त्या करणे पुरेसे नाही, त्यात थोडी तरी स्वतःची बुद्धी आणि निवड दिसली पाहिजे. हा नियम आपल्यालाही लागू होतो, हे ध्यानात असू द्यावे; चार वर्षे खपून टाइप केलेल्या मजकुरावर आपला मालकी हक्क सांगता येईल असे समजू नका. वर्गणीच्या संकेतस्थळावरून प्रतिमा उतरवून घेऊ नयेत, कारण तिथे कायद्यापेक्षा आपण मान्य केलेल्या अटी आडव्या येतात. आपली छायाचित्रे खुल्या संग्रहातली आहेत, त्यामुळे त्या संग्रहाच्या अटी एकदा वाचून त्यांची नोंद ठेवली की पुरे.

कोणत्या आवृत्तीवरून काम करायचे, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि यात मी स्वतः तोंडघशी पडलो आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी एका उपदेशकाचे छोटे पुस्तक एकोणिसाव्या शतकातल्या पुनर्मुद्रणावरून टाइप केले, कारण त्याचा ठसा स्वच्छ होता. दोन वर्षांनी मूळ आवृत्ती पाहायला मिळाली तेव्हा कळले, की मधल्या संपादकाने जवळजवळ एक तृतीयांश मजकूर गाळला होता आणि मुखपृष्ठावर त्याचा उल्लेखही केला नव्हता. माझा मजकूर तोवर अनेक ठिकाणी पोहोचला होता. तो आजही मला अधूनमधून भेटतो आणि त्यात माझे नाव असते. असे संक्षेप करण्याची परंपरा जुनी आहे. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी 1749 ते 1755 या काळात 50 खंडांची एक ख्रिस्ती ग्रंथमाला काढली, तिच्यात ओवेन, थॉमस गुडविन आदी प्युरिटन लेखक घेतले, आणि वेस्लींना स्वतःला न पटणारी पूर्वनियोजनाची (कोणाचे तारण होणार हे देवाने आधीच ठरवले आहे ही) शिकवण त्या लेखनातून कापून टाकली. वेस्लींनी निदान आपण निवड आणि काटछाट करतो आहोत हे जाहीर केले होते. नंतरच्या पुनर्मुद्रकांकडे तेवढा प्रामाणिकपणाही राहिला नाही. म्हणून लेखकाच्या हयातीतली, शक्यतो त्याने स्वतः नजरेखालून घातलेली आवृत्ती हाच पाया असावा.

लेखकाच्या नजरेखालून पुस्तक गेले होते का, हेही गृहीत धरू नये. प्रवचने ऐकताना श्रोते लघुलिपीत टिपणे घेत, आणि ती टिपणे कधी कधी उपदेशकाला न विचारता छापली जात. प्युरिटन उपदेशक थॉमस हूकर अमेरिकेतील न्यू इंग्लंडला गेल्यानंतर त्यांची प्रवचने लंडनमध्ये अशाच टिपणांवरून छापली गेली. सिब्स 1635 मध्ये वारले आणि त्यांचे बहुतेक लेखन त्यांच्या मित्रांनी नंतर प्रसिद्ध केले. आपल्या पुस्तकाच्या आरंभीचे ‘वाचकांस’ हे निवेदन नीट वाचावे. हस्तलिखित कोणाकडून आले हे त्यात बहुधा सांगितलेले असते, आणि ते निवेदन गाळून थेट प्रवचनापासून सुरुवात करण्याचा मोह आवरावा.

आता प्रत्यक्ष अक्षरांकडे वळू. त्या काळी ‘एस’ हे अक्षर शब्दाच्या आरंभी आणि मध्ये उंच, लांब असे छापले जाई, आणि ते ‘एफ’सारखे दिसते. यंत्राकडून प्रतिमा वाचून घेतली की ‘सिन’चे ‘फिन’ होते आणि पापाच्या जागी माशाचा पर येतो. ‘सोल’चे ‘फाउल’ होते आणि आत्म्याच्या जागी मळ येतो. आपल्याकडे आनंदीबाईंच्या नावावर ‘ध’चा ‘मा’ करण्याची कथा सांगतात. इथे यंत्र ते दर पृष्ठावर दहा वेळा करते, तेही कोणत्याही हेतूशिवाय. शुद्धलेखन तपासणारी आज्ञावली याला पकडत नाही, कारण ‘फिन’ आणि ‘फाउल’ हेही खरे शब्द आहेत. यावर उपाय एकच: अशा जोड्यांची यादी करावी, आणि संपूर्ण मजकुरात त्यांतील प्रत्येक शब्द जिथे जिथे येतो ती ओळ मूळ प्रतिमेशी ताडून पाहावी. शक्य असल्यास दोघांनी स्वतंत्रपणे टाइप करावे आणि दोन्ही मजकूर संगणकाकडून पडताळून घ्यावेत; दोन माणसे एकाच जागी एकच चूक क्वचितच करतात.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून मजकूर वाचून किंवा ‘साफ’ करून घेण्याची पद्धत आली आहे. मी ती साधने वापरतो, पण त्यांच्यावर माझा विश्वास कमी आहे, आणि त्याचे कारण त्यांचा वाईटपणा नसून त्यांची सफाई आहे. जुन्या यंत्राची चूक चुकीसारखी दिसे. नव्या साधनाची चूक शुद्ध, डौलदार वाक्य होऊन येते. अस्पष्ट ओळीच्या जागी ते असे वाक्य बसवते, की तो उपदेशक तसे म्हणालाही असता, फक्त म्हणाला नव्हता. मुद्रितशोधकाला हे पकडायचे तर अर्थावर विसंबून चालत नाही, अक्षर अन् अक्षर प्रतिमेशी लावावे लागते.

स्पेलिंगबद्दल माझे मत ठाम आहे: दोन मजकूर ठेवावेत. पहिला मूळबरहुकूम, ज्यात ‘यू’ आणि ‘व्ही’ किंवा ‘आय’ आणि ‘जे’ यांची अदलाबदल जशीच्या तशी आहे, शुद्धिपत्र आहे, मुद्रकाच्या चुकाही आहेत. दुसरा वाचकांसाठी, पहिल्यावरून काढलेला. मोडी वाचणाऱ्याला हा फरक लगेच कळेल: मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळे दाखवत नाहीत, म्हणून देवनागरीत उतरवताना आपण ते पुरवतो, पण मूळ कागद फेकून देत नाही. 1962 च्या लेखननियमांआधीच्या मराठी पुस्तकांवरचे अनुस्वार काढून ती छापता येतात. मात्र तसे केल्याचे सांगितले नाही, तर शंभर वर्षांपूर्वीचा लेखक तसेच लिहीत होता असा नव्या वाचकाचा समज होतो. वाचकांसाठीच्या आवृत्तीत स्पेलिंग आजचे करावे, पण ‘दाऊ’ आणि ‘डथ’ (आजचे ‘यू’ आणि ‘डझ’) यांसारखी जुनी रूपे ठेवावीत आणि शब्द बदलू नयेत. लांब वाक्ये तोडू नयेत. ती कानासाठी रचलेली आहेत आणि त्यांतले स्वल्पविराम श्वासाच्या जागा दाखवतात.

शब्द न बदलण्याचा आग्रह का, तेही सांगतो. त्या काळी ‘पेनफुल’ उपदेशक म्हणजे कष्टाळू उपदेशक. ही स्तुती होती. ‘प्रोफेसर’ म्हणजे विश्वास जाहीरपणे कबूल करणारा, ‘कॉन्व्हर्सेशन’ म्हणजे आचरण, ‘लेट’ म्हणजे अडथळा आणणे, ‘प्रिव्हेंट’ म्हणजे आधी जाऊन पोहोचणे. यासाठी शेवटी पाच-सहा पृष्ठांचा शब्दार्थकोश द्यावा. बायबलमधील वचनांच्या बाबतीत तर हात अधिकच आखडता घ्यावा. उपदेशक अनेकदा 1560 च्या जिनिव्हा बायबलमधून किंवा स्वतःच्या भाषांतरातून वचन देतो, आणि सारे प्रवचन त्या वचनातील एखाद्या शब्दावर उभे असते. संपादकाने तिथे 1611 चे सर्वपरिचित भाषांतर घातले की प्रवचनाचा पायाच निघून जातो. संदर्भाचा आकडा चुकला असेल तर तो तसाच ठेवून योग्य आकडा टिपेत द्यावा. रोमन चर्चवरची शिवीगाळ आणि चेटकिणींविषयीची मतेही या ग्रंथांत येतात. ती आज वाचवत नाहीत. ती गाळणे मात्र वेस्लींच्याच कात्रीचा दुसरा प्रकार होय.

या प्रवचनांना एक सांगाडा असतो, आणि डिजिटल रूपात तो दिसलाच पाहिजे. सोळाव्या शतकाअखेरचे उपदेशक विल्यम पर्किन्स यांच्या काळापासून रीत अशी होती, की वचन घ्यावे, त्यातून सिद्धान्त काढावा, त्याची कारणे द्यावीत, आणि मग ‘उपयोग’ म्हणजे श्रोत्यांनी काय करावे ते सांगावे. एका सिद्धान्ताला चार कारणे, तिसऱ्या कारणाला दोन आक्षेप, दुसऱ्या आक्षेपाला तीन उत्तरे, असे फाटे फुटत जातात, आणि कागद महाग असल्यामुळे मुद्रकाने ते सारे एका परिच्छेदात कोंबलेले असते. टीईआय या खुणांकनपद्धतीत हे स्तर नोंदवता येतात, समासातल्या टिपा जिथल्या तिथे बांधता येतात आणि तिरपा ठसा अवतरणासाठी आहे की जोर देण्यासाठी हे वेगळे सांगता येते. शिकायला महिनाभर लागतो. त्यानंतर त्याच एका फाइलमधून ईपब, पीडीएफ आणि साधा मजकूर हे तिन्ही काढता येतात, त्यामुळे दुरुस्ती एकाच ठिकाणी करावी लागते.

आरंभीच्या नोंदपृष्ठावर काम कोणत्या ग्रंथालयातील कोणत्या प्रतीवरून झाले, तिचा तिथला क्रमांक, इंग्लिश शॉर्ट टायटल कॅटलॉगमधील (ब्रिटिश लायब्ररीकडील जुन्या इंग्रजी छापील पुस्तकांच्या सूचीतील) क्रमांक, काय बदलले आणि काय बदलले नाही, हे स्पष्ट लिहावे. ही माहिती स्वतःजवळही उतरवून ठेवावी. ऑक्टोबर 2023 मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला तेव्हा तो कॅटलॉग दीर्घकाळ बंद पडला आणि केवळ दुवे जपून ठेवणाऱ्यांची पंचाईत झाली. तारखांबाबतही सावध असावे. इंग्लंडमध्ये 1752 पूर्वी कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू होई, त्यामुळे पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद त्या वेळच्या कागदांत 30 जानेवारी 1648 रोजी होतो आणि आपल्या हिशेबाने 1649 मध्ये. फेब्रुवारीतले प्रवचन असेल तर दोन्ही वर्षे लिहावीत.

परवाना सीसी-झिरो ठेवावा, म्हणजे कोणतीही अट नाही. ‘व्यापारी उपयोग नको’ ही अट चांगल्या हेतूने घातली जाते, पण ती नफेखोराला अडवत नाही. अडवते ती एखाद्या लहान मंडळीला, जी शंभर प्रती छापून खर्चापुरत्या किमतीत विकू पाहते. कोणीतरी आपला मजकूर घेऊन महाग पुस्तक काढील, हे नक्की. काढू द्यावे. इंटरनेट आर्काइव्ह, विकिस्रोत आणि कायमचा क्रमांक देणारे झेनोडोसारखे भांडार अशा किमान दोन ठिकाणी फाइल ठेवावी, आणि प्रत्येक दुरुस्त आवृत्तीवर तारीख घालावी.

मराठी अनुवाद जरूर करता येईल, आणि त्याला आपल्याकडे पूर्वपरंपराही आहे. 1813 मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना पाठवणाऱ्या न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल मंडळ्या प्युरिटनांच्याच वारसदार होत्या, आणि जॉन बन्यन यांच्या 1678 च्या रूपककथेचे हरि केशवजी यांनी केलेले ‘यात्रिकक्रमण’ हे भाषांतर 1841 मध्येच निघाले. जुना अनुवाद हाती लागला तर अनुवादकाच्या मृत्यूपासूनची 60 वर्षे मोजावीत. मूळ ग्रंथ मुक्त असला तरी अनुवादाचा हक्क स्वतंत्र असतो. नवा अनुवाद करणार असाल तर मूळबरहुकूम मजकुरावरून करावा आणि पारिभाषिक शब्द मराठी बायबलमधले घ्यावेत. ‘कॉव्हेनंट’ला ‘करार’ म्हटले की जुना करार आणि नवा करार जाणणाऱ्या वाचकाला प्रवचनाचा धागा आपोआप सापडतो. तिथे ‘अनुबंध’ घातला की तो तुटतो.

राहिली ती 112 नंतरची 121 ची अडचण. पृष्ठांचे आकडे बाजूला ठेवून आधी पृष्ठांचा तळ पाहावा. आपले पुस्तक क्वार्टो आकाराचे दिसते, म्हणजे एक फर्मा (घडी घातलेला छापील ताव) आठ पृष्ठांचा, आणि प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पृष्ठाच्या तळाशी एक अक्षर असते. आरंभीचा भाग ‘ए’ आणि मुख्य मजकूर ‘बी’पासून सुरू असेल, तर ‘जे’ हे अक्षर वापरत नसल्यामुळे 105 ते 112 हा फर्मा ‘पी’ ठरतो. आता 121 क्रमांकाच्या पृष्ठाच्या तळाशी ‘क्यू’ असेल, आणि 112 च्या तळाशी उजवीकडे छापलेला सुटा शब्द 121 च्या पहिल्या शब्दाशी जुळत असेल, तर काहीही हरवलेले नाही. छापखान्यात आकडे चुकले आहेत, तेवढी नोंद करून पुढे जावे. तिथे ‘आर’ असेल तर मात्र आठ पृष्ठांचा एक संपूर्ण फर्मा या प्रतीतून गळला आहे. मग कॅटलॉगमध्ये दुसऱ्या प्रती कोणत्या ग्रंथालयांत आहेत ते पाहून त्यांच्याकडे केवळ त्या आठ पृष्ठांची छायाचित्रे मागावीत; एवढी लहान मागणी ग्रंथपाल सहसा नाकारत नाहीत. ती आल्यावर मजकुरात ती पृष्ठे दुसऱ्या प्रतीतली असल्याची खूण करावी, कारण छपाई चालू असताना मुद्रक मध्येच थांबून दुरुस्त्या करीत आणि एकाच आवृत्तीच्या दोन प्रती तंतोतंत सारख्या नसतात. ती येईपर्यंत बाकीचा मजकूर अडवून ठेवू नये; 112 नंतर आठ पृष्ठे उपलब्ध नाहीत असे मधोमध लिहून तो प्रसिद्ध करावा.